झाडांच्या टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतील?

दुकानात माशांसमोर उभे राहिल्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "हा त्याच्याबरोबर चालेल का?" दुकानदार म्हणतो, "चालेल." त्याचेही खोटे नसते, कारण त्या घटकेला तो मासा कोणाशीच भांडत नसतो. दोन-तीन महिन्यांनी घरच्या टँकमध्ये निम्मे मासे उरतात, उरलेल्यांतले एक-दोन फिल्टरमागे लपून बसतात, आणि घरातले ठरवून टाकतात की आपल्याला मासे लाभत नाहीत.

लाभण्याचा यात काही संबंध नाही. आपण उलट्या क्रमाने विचार करतो, तिथे घोटाळा होतो. आधी मासा डोळ्यांत भरतो, मग त्याला सोबती शोधले जातात, आणि पाण्याची आठवण झालीच तर सगळ्यात शेवटी होते. माझे म्हणणे असे की सुरुवात घरच्या नळापासून करावी. नळाला येणाऱ्या पाण्यात कोणते मासे सुखाने जगतील, ते पूर्ण वाढल्यावर केवढे होतील, किती जणांच्या थव्यात राहतील, हे आधी पाहावे. स्वभाव त्यानंतर. एवढ्या गाळणीतून उतरलेल्या माशांमध्ये भांडणे फारशी उरतच नाहीत.

आधी पाणी

मीठ नसलेले पाणी सगळे एकसारखे नसते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार किती आहेत, त्यावर ते मऊ की जड हे ठरते. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरात नळाच्या तोंडावर आणि बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. ते जड पाणी. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे पाणी म्हणजे मुख्यतः डोंगरांवर पडून साठलेला पाऊस. त्यात क्षार कमी असतात. कोकणातल्या बऱ्याच भागात असेच असते. पुण्यात खडकवासल्याचे पाणी येते तोवर गोष्ट वेगळी आणि उन्हाळ्यात सोसायटीने बोअरचा टँकर मागवला की वेगळी. मराठवाड्यात, विदर्भात बोअरवर अवलंबून असलेल्या घरांनी आपले पाणी जडच आहे असे धरून चालावे.

माशाला याने काय फरक पडतो? गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे कल्ल्यांवाटे पाणी सतत आत शिरते आणि अंगातले क्षार बाहेर झिरपतात. मासा दिवसरात्र भरपूर पातळ लघवी करून हे जास्तीचे पाणी टाकत असतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी क्षार परत ओढून घेत असतो. हे काम कोणत्या पाण्यात करायचे याची सवय त्या जातीला हजारो पिढ्यांपासून लागलेली असते. कार्डिनल टेट्रा दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्यातला. तिथले पाणी कुजलेल्या पानांमुळे चहाच्या रंगाचे, आम्ल आणि जवळजवळ क्षारहीन असते. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्यांना क्षारांचे पाणी मानवते. कार्डिनल आणि मॉली एका टँकमध्ये एकमेकांना शिवणारही नाहीत, पण दोघांतल्या एकाचा जीव त्या पाण्यात रोज थोडा थोडा खर्ची पडत राहील. मऊ पाण्यात मॉली पंख मिटून जागच्या जागी डुलू लागते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

मोजायचे कसे? आरओ बसवणाऱ्याकडे असतो तो टीडीएस मीटर बाजारात स्वस्तात मिळतो. तो पाण्यात विरघळलेले सगळेच घटक मोजतो, निव्वळ जडपणा नाही, पण पहिला अंदाज बांधायला पुरतो. आकडा १५० च्या खाली असेल तर टेट्रा, रास्बोरा, कोरी यांचा विचार करावा. ४०० च्या वर असेल तर गप्पी, प्लॅटी, मॉली यांच्याकडे वळावे. मधल्या पाण्यात बरेच मासे जमवून घेतात. शिवाय आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळ मासे चेन्नईच्या कोलत्तूर भागातल्या किंवा कोलकात्याच्या आसपासच्या पैदासकेंद्रांतून येतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या पाण्यात वाढल्यामुळे ते पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा थोडे जास्त सोसतात. म्हणून दुकानदाराला "चालेल का" असे विचारण्याऐवजी "तुमच्याकडे किती दिवस आहे, आणि तुम्ही कोणते पाणी वापरता" हे विचारावे. पंधरा दिवस त्याच गावच्या पाण्यात टिकलेला मासा तुमच्याकडेही टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

जड पाणी मऊ करण्यासाठी निव्वळ आरओचे पाणी भरायची हौस काहींना असते. तसे करू नये. त्यात काहीच क्षार उरत नाहीत, आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) सावरून धरणारे बायकार्बोनेटही निघून गेलेले असते, त्यामुळे पीएच एकाएकी कोसळू शकतो. मिसळायचेच असेल तर नळाचे आणि आरओचे ठरलेल्या प्रमाणात मिसळावे, आणि दर वेळी पाणी बदलताना तेच प्रमाण पाळावे. पण तीन फुटांच्या टँकला आयुष्यभर आरओचे पाणी पुरवत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला रुचणारे मासे निवडणे कितीतरी सोपे, आणि माशांसाठी सुखाचे.

पीएचचा आणखी एक धागा आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बराच निरुपद्रवी आणि दुसरे जहाल विषारी. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा शंभरातला जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाचाच्या वर जातो, म्हणजे जवळपास दसपट. जड पाण्याचा पीएच सहसा चढा असतो. म्हणून बोअरच्या पाण्याच्या टँकमध्ये दाटी करण्याची शिक्षा जास्त कडक मिळते. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. झाडे अमोनिया थेट शोषून घेतात, त्यामुळे दाट लावलेल्या टँकला थोडी उसंत मिळते, पण पहिल्याच आठवड्यात सगळे मासे आणून सोडण्याइतकी नाही.

मे महिन्याचे पाणी

परदेशी लेखांत हीटरवर पाने भरून लिहिलेले असते. आपल्याकडे नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लागतो खरा, पण जास्त मासे दगावतात ते उन्हाळ्यात. मुंबईत मे महिन्यात टँकचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. नीऑन टेट्राला २२ ते २५ अंश आवडतात. सतत ३० अंशांत तो जगला तरी त्याचे आयुष्य आखडते. कार्डिनल आणि रमीनोज टेट्रा त्यापेक्षा गरम पाणी बरे सोसतात, म्हणून मुंबईकराने नीऑनऐवजी त्यांच्याकडे पाहावे असे मला वाटते. डिस्कसला तर २८ ते ३० अंशच लागतात. त्याच्याबरोबर नीऑन ठेवायचा तर दोघांपैकी एकाला कायम गैरसोय. गोल्डफिश थंडाव्याचा मासा, त्यामुळे ट्रॉपिकल माशांच्या टँकमध्ये त्याला जागा नाही. झाडांच्या टँकमध्ये तर आणखी एका कारणाने नाही, ते पुढे येईल.

गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे साडेसात. त्यात झाडे रात्री प्राणवायू घेतात, देत नाहीत. दिवसा झाडांच्या पानांवर बुडबुडे चमकत असतात तोच टँक पहाटे पाचला प्राणवायूच्या तंगीत असू शकतो. सकाळी दिवा लावायच्या आधी मासे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकताना दिसले तर हे समजून घ्यावे. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला असेल तर तो दिव्याबरोबर बंद झालाच पाहिजे आणि रात्री एअर पंप चालू ठेवावा. जिथे वीज जाते तिथे बॅटरीवरचा छोटा पंप जवळ असू द्यावा. पाण्यावर लावलेला छोटा पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो. नागपूर-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान चालतो, मुंबईच्या दमट हवेत त्याचा जोर निम्मा पडतो.

पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर आणा

दुकानातला मासा बहुधा पिल्लू असतो. हे एक वाक्य लक्षात राहिले तरी निम्मे घोळ टळतील.

शार्क म्हणून विकले जाणारे मासे घ्या. दोन इंचांचा, चांदीसारखा चमकणारा टायगर शार्क हा खरे तर पंगासियस. हॉटेलात बासा म्हणून बहुतेक वेळा ताटात येतो तोच. तो मीटरभराच्या वर वाढू शकतो, आणि घाबरला की काचेवर थडकून नाक फोडून घेतो. सिल्व्हर शार्क फूटभराच्या पुढे जातो. रेड टेल शार्क अर्ध्या फुटाच्या आत राहतो, पण टँकचा तळ आपल्या मालकीचा समजून इतरांना पळवत सुटतो. काच साफ करतो म्हणून माथी मारला जाणारा काळा सकर फिश दीड फुटापर्यंत वाढतो. वाढल्यावर तो शेवाळ कमी आणि घाण जास्त करतो, अ‍ॅमेझॉन स्वोर्डची पाने खरवडून जाळी करतो आणि नव्याने लावलेली झाडे उपटून टाकतो. अ‍ॅल्गी ईटर नावाचा सोनेरी मासाही लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी आळसावतो आणि एंजलसारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो.

एंजलचे उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण झाडांच्या टँकमध्ये तो शोभतोही आणि फसवतोही. नाण्याएवढा एंजल आणि नीऑनचा थवा एकत्र आणले की काही महिने दृष्ट लागण्यासारखा टँक दिसतो. मग एंजल तळहाताएवढा होतो आणि रात्रीतून नीऑन कमी होऊ लागतात. त्यात त्याचा दुष्टपणा नाही. ज्याच्या तोंडात जे मावते ते तो खातो. एंजलच ठेवायचा असेल तर टँक निदान दीड फूट उंच हवा आणि सोबती अंगाने भरलेले हवेत. पूर्ण वाढलेले रमीनोज किंवा बोझमानी रेनबो चालतात, नीऑन नव्हे.

इंचामागे अमुक लिटर पाणी हा हिशेब लोक सांगतात, तोही इथेच फसतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते, आणि खाणे व घाण वजनाबरोबर वाढते. एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा यांची बरोबरी होऊच शकत नाही. हा हिशेब दोन इंचांच्या आतल्या माशांपुरता ठीक, त्यापुढे विसरावा.

थवा म्हणजे किती?

"सगळ्यांतले दोन-दोन द्या." हे वाक्य दुकानात रोज ऐकू येते, आणि यातून माशांचे जितके हाल होतात तितके कदाचित दुसऱ्या कशातून होत नसतील.

टेट्रा, रास्बोरा, बार्ब, दानियो, कोरी, लोच हे थव्याने राहणारे जीव. नदीत त्यांना खाणारे चहूकडे असतात, आणि एकट्याला हेरणे शिकाऱ्याला सोपे जाते. थव्यातला मासा शेजाऱ्यांच्या डोळ्यांनीही पाहतो, म्हणून निर्धास्तपणे चरतो. दोनच नीऑन असतील तर त्यांच्या लेखी बाकीचे सगळे मारले गेलेले आहेत. ते पाने सोडून बाहेर येत नाहीत, रंग उतरतो, खाणे कमी होते आणि पहिल्याच साथीत जातात. सहा ही मी कमीत कमी संख्या मानतो, पण खरा थवा दहाच्या पुढे दिसू लागतो. दहा-बारा रमीनोज एकाच वेळी वळतात, त्यांची लाल डोकी एका रेषेत येतात, ते पाहिल्यावर पाच जातींचे दोन-दोन मासे ठेवण्याचा मोह उरत नाही. झाडांच्या टँकला कलेचा दर्जा मिळवून देणारे जपानचे ताकाशी आमानो यांच्या टँकमध्येही एकाच छोट्या जातीचा मोठा थवा वारंवार दिसतो. हिरव्या पानांची खोली त्यामुळेच जाणवते.

संख्येचा स्वभावावरही परिणाम होतो. टायगर बार्ब इतरांचे पंख कुरतडतो म्हणून बदनाम आहे. तीन-चारच असले की तो ही बदनामी सार्थ करतो. दहा-बारा असले की त्यांची पाठशिवणी, कुरघोडी, वरचढपणा सगळे आपापसांत चालते आणि इतरांना पुष्कळशी मोकळीक मिळते. तरीही लांब, झुलत्या पंखांचा गप्पी, एंजल किंवा फायटर त्यांच्याबरोबर ठेवू नये. सेर्पे टेट्राचेही तेच.

नर-मादीचे गणितही पाहावे लागते. गप्पी, प्लॅटी, मॉली यांचे नर माद्यांची पाठ सोडत नाहीत. एका नरामागे दोन-तीन माद्या असतील तर एकीवरच ताण येत नाही. पण मग पिल्ले होणार, आणि गप्पीची मादी साधारण महिन्या-महिन्याला वीत राहते. एकदा संग झाला की ती नराचे बीज कित्येक महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे दुकानातून फक्त मादी आणूनही पिल्ले होतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याचे लोक डबक्यांत आणि टाक्यांत सोडतात तो हाच गप्पी, आणि तो तिथे का टिकतो ते यावरून कळते. ज्यांना पिल्लांचा पसारा नको त्यांनी फक्त नर आणावेत. रंगही त्यांनाच जास्त असतो.

स्वभाव, आणि झाडे कुठे मदतीला येतात

फायटरबद्दल लोक फार विचारतात. तो थायलंड-कंबोडियाकडचा, भातखाचरांत आणि उथळ पाणथळीत राहणारा मासा. दोन नर एकत्र कधीच नाहीत. बाकी माशांबरोबर तो राहतो की नाही हे त्या त्या फायटरवर असते. कोरी, एम्बर टेट्रा, कुहली लोच यांच्याकडे तो सहसा लक्ष देत नाही. झुलत्या शेपटीचा गप्पी मात्र त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो. टँकमध्ये एकच मासा खास हवा असेल तर फायटरपेक्षा हनी गौरामी निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. दोन इंचांचा, मधाच्या रंगाचा, बुजरा जीव. आसाम-बंगालकडचा, म्हणजे आपल्याच देशातला. त्याचाच नातेवाईक ड्वार्फ गौरामी रंगाने जास्त भडक असतो, पण त्याचे नर आपसांत भांडतात आणि बाजारातल्या या जातीत एक असाध्य विषाणूरोग पसरलेला आहे. रंगाला भुलू नये.

झाडांनी भांडणे कमी होतात ती नजर अडवल्यामुळे. ज्याच्यावर हल्ला होतो तो दिसेनासा झाला की पाठलाग तिथेच थांबतो. म्हणून झाडे नुसती मागच्या काचेला रांगेत न लावता मधोमध एक-दोन दाट झुडपे आणि एखादे आडवे लाकूड ठेवावे. तरंगणारी झाडे वरचा प्रकाश मंद करतात, तेव्हा बुजरे मासे मोकळे होतात. आपल्या रस्त्यांवर सगळीकडे असलेल्या देशी बदामाची गळून वाळलेली पाने धुऊन टाकली तर पाणी किंचित तांबूस होते आणि मऊ पाण्यातल्या माशांचे रंग त्यात खुलतात. फवारणी झालेल्या किंवा धुराने माखलेल्या जागेवरची पाने मात्र घेऊ नयेत.

उलट बाजूही पाहा. काही मासे झाडांचेच शत्रू असतात. गोल्डफिश कोवळी पाने खातो, माती उकरतो आणि घाणही खूप करतो. सिल्व्हर डॉलर आणि ब्यूनस आयर्स टेट्रा यांना बाग ही भाजीची जुडी वाटते. आफ्रिकन सिक्लिड खड्डे खणतात. कोरीला मऊ, बारीक वाळू हवी. टोकदार खडीवर त्याच्या मिशा झिजतात, जखमा चिघळतात. तो मधेच पृष्ठभागावर झेप घेऊन हवेचा घोट घेतो. ते त्याचे आतड्यातून श्वास घेणे आहे, क्वचित झाले तर घाबरू नये.

शेवाळ खाण्यासाठी म्हणून मासा आणणे मला पटत नाही. शेवाळ प्रकाश आणि खत यांचा तोल गेल्यावर येते, आणि ते तिथेच सुधारावे लागते. त्यानंतर उरलेले चाटायला नेराइट गोगलगाई किंवा आमानो झिंगे पुरतात.

प्रत्यक्षात काय ठेवायचे

समजा दोन फुटी टँक आहे, २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. काचेच्या मापाने ७० लिटर. माती, दगड, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा जाता खरे पाणी ५५ लिटरच्या आसपास.

पाणी मऊ असेल तर मी असे सुचवेन: मध्यभागी १० ते १२ एम्बर टेट्रा किंवा तेवढेच हार्लेक्विन रास्बोरा, तळाशी ६ पिग्मी कोरी, आणि हनी गौरामीची एक जोडी. बस, एवढेच. तिन्ही मासे शांत, तिघांची तोंडे लहान, आणि वरचा, मधला, खालचा थर आपोआप वाटून घेतला जातो. झाडांत अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन. क्रिप्टोकोरीन स्पायरालिस ही जात तर आपल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांतली आहे, रोपवाटिकेतून आलेली मागून घ्यावी.

पाणी जड असेल तर ८ ते १० नर गप्पी, किंवा प्लॅटीचा एक नर आणि तीन माद्या. दोन्ही एकत्रही चालतात, फक्त संख्या त्या मानाने कमी ठेवायची. बरोबर नेराइट गोगलगाई. जड पाण्यात त्यांचे कवच चांगले राहते, मऊ आम्ल पाण्यात ते झिजते. झाडांत वॅलिस्नेरिया, कारण ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते. मॉली दोन फुटी टँकमध्ये नको, ती बोटाएवढी वाढते आणि खाते भरपूर.

टँक तीन फुटांचा असेल तर माझ्या मनात एक वेगळीच कल्पना आहे, सगळे आपल्या देशातले मासे ठेवण्याची. जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जाणारा झेब्रा दानियो इथलाच. तो वरच्या थरात अखंड पळत असतो, त्यामुळे टँकला लांबी हवी, उंची नसली तरी चालते. त्याच्याबरोबर रोझी बार्बचा ८ जणांचा थवा. ते कोवळी पाने कुरतडतात, म्हणून जाड पानांची झाडे लावावीत. तळाला पश्चिम घाटातला झेब्रा लोच, बोटिया स्ट्रियाटा, पाच-सहाच्या गटाने. तो इतरांच्या वाटेला जात नाही आणि नको असलेल्या छोट्या गोगलगाई फस्त करतो, त्यामुळे या टँकमध्ये हौसेने आणलेल्या गोगलगाई ठेवू नयेत. ही कृष्णेच्या खोऱ्यातली, आपल्या अंगणातली जात आहे आणि ती संकटग्रस्त यादीत आहे. म्हणून पैदासकेंद्रातला आहे असे दुकानदार खात्रीने सांगेल तरच घ्यावा, नाहीतर तळ मोकळा ठेवावा. लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब, ज्याच्या गटाला २०१३ मध्ये सह्याद्रीवरून सह्याद्रिया हे शास्त्रीय नाव मिळाले, तोही केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधून बेसुमार पकडला गेल्याने संकटात आहे. तो अर्ध्या फुटापर्यंत वाढणारा, जोरकस पोहणारा मासा आहे, चार फुटांच्या खाली त्याचा विचारच नको. आणि ओढ्यात जाळे घालून स्वतः मासे धरून आणू नयेत. आंबोलीच्या हिरण्यकेशीतून २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही जात शास्त्राला नव्याने कळली. ती राहते ती जागा इतकी छोटी आहे की तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून संरक्षण द्यावे लागले.

आणण्याचा क्रम

झाडे आधी लावावीत आणि रुजू द्यावीत. मग थव्यातले शांत मासे, अर्धे या वेळी, अर्धे दोन आठवड्यांनी. जागेवर हक्क सांगणारा मासा, म्हणजे गौरामी किंवा फायटर, सर्वांत शेवटी, म्हणजे त्याला सगळा टँक आपलाच आहे असे वाटायला वेळ मिळत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी अँटी-क्लोरीन वापरावे किंवा पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे. पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान सारखे करावे, मग थोडे थोडे टँकचे पाणी तिच्यात मिसळत अर्ध्या-पाऊण तासाने मासा जाळीने काढून सोडावा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये.

नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवता आले तर फार उत्तम. पांढरे ठिपके आले तर उपचार तिथेच होतो. मुख्य टँकमध्ये खडे मीठ टाकले तर झाडे वितळतात, मेथिलीन ब्ल्यूने लाकूड आणि सिलिकॉन निळे पडते आणि फिल्टरमधले जिवाणू मरतात, तांब्याच्या औषधाने झिंगे आणि गोगलगाई मरतात.

पहिला महिना रोज खायला घालताना मोजणी करावी. कोण खायला येत नाही, कोणाचे पंख फाटलेत, कोण कोपऱ्यात अडकून आहे, हे तेव्हाच दिसते. एखाद्याचे जमत नसेल तर वाट पाहू नये. त्याला वेगळे काढावे आणि दुकानात परत द्यावे, बरेच दुकानदार घेतात, किंवा मोठा टँक असलेल्या ओळखीच्या माणसाला द्यावे. तलावात, विहिरीत किंवा नदीत सोडू नये. असे सोडलेले सकर फिश आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत वाढले आहेत, आणि मासेमारांच्या जाळ्यांत कामाच्या माशांऐवजी तेच काटेरी, कोणी विकत न घेणारे मासे येऊन जाळी फाटत आहेत.